कॉलेजात जातीवरून झालेला त्रास वर्षांनंतरही डोक्यातून जात नाही. यातून बरं होता येतं का?

होतं बरं. पण तुम्ही ज्याला बरं होणं म्हणताय, ते नाही होत.

तुम्ही लिहिलंय की इंजिनियरिंगची चारही वर्षं 'कोट्यातला' हे ऐकत काढली. कॉलेज संपूनही आता चार वर्षं झाली. पुण्यात चांगली नोकरी आहे, तरी मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की छातीत धडधडतं, मागे कोणी हसलं की आपल्यालाच हसले असं वाटतं, रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही. त्यात रूममेट म्हणतो, 'विसर ना आता, आजकाल कोण पाळतं जात?' तुम्हाला विसरायचंय, विसरता येत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे असा तुमचा सूर दिसतो.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातली, बौद्ध घरातली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. सरकारी बँकेत आहे, त्यामुळे दर काही वर्षांनी नवं गाव, नवा स्टाफ, नवा घरमालक. समुपदेशन घेतलंय, मधे काही काळ गोळ्याही घेतल्यात. तेवढ्यावरून सांगते.

आधी रूममेटचं निकालात काढू. त्याला रविवारचा पेपर उघडून लग्नाच्या जाहिराती वाचायला सांगा. 'एससी, एसटी क्षमस्व' हे कोण छापून आणतं मग? त्याला दिसत नाही, कारण त्याला कधी लागलं नाही. त्याच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका, तुम्हाला ती दुसरीकडे लागणार आहे.

आता विसरण्याचं. बाबासाहेब १९१७ मध्ये कोलंबियातलं शिक्षण घेऊन, लंडनमधलं अर्धवट ठेवून बडोद्याला नोकरीवर हजर झाले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन समोर उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत खोली सोड म्हणाले. हिंदू मित्राला विचारलं, ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनीही टाळलं. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. ही हकिकत आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. पण त्यांनी ती लिहून काढली तेव्हा अठरा वर्षं उलटली होती, आणि त्यांनी स्वच्छ लिहिलंय की काठ्या घेतलेल्या त्या माणसांचं दृश्य इतक्या काळानंतरही पुसलं गेलेलं नाही, आठवलं की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. या अठरा वर्षांत काय काय झालं ते बघा. १९२७ चं महाड झालं, गोलमेज परिषदा झाल्या, १९३२ चा पुणे करार झाला. आठवण जिथल्या तिथे होती आणि माणूस कामही करत होता. तुम्ही चार वर्षांतच स्वतःला नापास करून मोकळे झालात.

इथे आपल्या समाजाचीही थोडी गडबड आहे, घरातलं म्हणून बोलते. १४ एप्रिल जवळ आला की ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला आहे, मीही बसलेय. पण बाबासाहेबांचे अठरा तास आपल्याला कळायला लागल्यापासून ऐकवले जातात, ही अठरा वर्षं कोणी ऐकवत नाही. पोरगं हॉस्टेलवरून फोन करून रडायला लागलं की 'रडायचं नाही, लढायचं, आपण कोणाची लेकरं आहोत' एवढंच मिळतं. मग पोरगं फोन करणंच बंद करतं.

घरी बोलण्याची दुसरी अडचण तुम्हालाही आली असणार. माझी आई म्हणायची, 'आम्हाला विहिरीला हात लावू देत नव्हते, वरून ओंजळीत ओतायचे. तुला कोणी खुर्चीवर बसू देत नाही का? मग?' तिचं खोटं नव्हतं. पण तिला समोरचा माणूस आपल्याला काय समजतो हे उघड दिसत होतं, आणि संध्याकाळी ती वस्तीत परत यायची, जिथे सगळ्यांचं सारखंच होतं. माझ्या वर्गात मी एकटी होते आणि समोरचे हसून बोलायचे. 'तू वाटत नाहीस हं तसली' हे कौतुक म्हणून म्हटलं जायचं. त्यावर थँक्यू म्हणायचं की काय म्हणायचं?

बरीच वर्षं मला वाटायचं की माझ्यात आत्मविश्वास नाही. सगळे तेच सांगतात, नाही का? इंग्लिश सुधार, व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स कर. मी केला. फरक पडला नाही, कारण दुखणं ते नव्हतंच. मी दिवसभर पहाऱ्यावर असायचे. नवा माणूस भेटला की तो पूर्ण नाव विचारण्याच्या आधीचे दोन सेकंद. 'पाणी'चा ण नीट निघाला ना, घरच्यासारखं 'पानी' नाही ना गेलं तोंडातून. डब्याचं झाकण उघडताना शेजारी कोण बसलंय. सहा डिसेंबरची रजा टाकताना कारण काय लिहू. कोणी गुणांचा विषय काढला की पुढचं वाक्य काय येणार. बाकीची पोरं ज्या वेळात शिकत होती, चकाट्या पिटत होती, त्याच वेळात मी हा पहारा देऊन वर शिकत होते. थकणार नाही तर काय होणार?

आणि हा पहारा वेडेपणा नसतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती, २००६ मध्ये तो अभ्यास छापून आला. जात उघड केलेली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी एकेका मुलाचं नाव, गाव, बापाचं आणि आजोबाचं नाव, आणि जात सगळ्यांदेखत वाचून दाखवली. तशीच मुलं, तीच कोडी, पण खालच्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. त्यांची बुद्धी काही मिनिटांत आटली का? मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या कॉलेजातली प्रवेशयादी आठवली. नावासमोर गुण आणि गुणांसमोर कॅटेगरीचा रकाना. ती यादी कोपरे फाटून लोंबेपर्यंत भिंतीवर राहिली. वर्गातला एकजण त्या रकान्यावरून बोट खाली आणत आणत माझ्या नावाशी थांबला आणि मागे वळून मित्रांना म्हणाला, 'बघ, एवढ्यात पण मिळतं.' मी तिथेच उभी आहे हे त्याला माहीत होतं. पहिल्या सेमिस्टरला मला काय कमी पडलं हे मी उगाच स्वतःत शोधत बसले होते.

शरीरही याचा हिशेब ठेवतं. अमेरिकेतल्या आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं होतं की कृष्णवर्णीय स्त्रियांचं शरीर वंशभेदाच्या रोजच्या ताणानं लवकर झिजतं. आपलं आणि त्यांचं नातं तसं जुनंच. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिकडचे कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी तिकडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच आपल्या दलित पँथरचं नाव घेतलं. तेव्हा तुमची अॅसिडिटी, मान आखडणं, झोप न लागणं हे 'मनाचे खेळ' समजू नका. एकदा साधी रक्ततपासणी आणि बीपी बघून घ्या. थायरॉइडनेही धडधडतं. तेवढं बाजूला काढलेलं बरं.

मग करायचं काय? माझ्या मते, पहारा साफ उठवायचा नाही. जग तसंच आहे तोवर थोडा लागतोच. पण तो चोवीस तास एकट्याने द्यायचा नाही. जिथे गरज नाही तिथे उतरवून ठेवायचा, आणि अशा जागा वाढवत न्यायच्या. बाकी जे काही मी पुढे सांगतेय ते सगळं याचसाठी.

सगळ्यात जास्त उपयोग मला माणसांचा झाला. समाजकल्याणच्या हॉस्टेलवरच्या आम्ही काहीजणी अजून फोनवर भेटतो. तिथे 'पानी' म्हटलं तरी चालतं, कुणाच्या साहेबाने काय टोमणा मारला ते सांगताना आधी पुरावा द्यावा लागत नाही. 'खरंच तसं म्हणाला का, तुझा गैरसमज असेल' हे वाक्य तिथे येत नाही, आणि त्या एकाच गोष्टीनं केवढं हलकं वाटतं सांगू. बहुतेक वेळा बोलणं टिंगलटवाळीतच संपतं. विहारात जात असाल तर जा. रविवारच्या वंदनेला बसल्यावर डोक्यातला गोंगाट कमी होतो हा माझा अनुभव आहे. फक्त वंदना संपली की काका लोक 'पॅकेज किती, फ्लॅट घेतला का, मुलगी बघू का' सुरू करतात, तेवढं चपला लवकर घालून टाळायचं. जयंतीला मिरवणुकीत नाचावंसं वाटलं तर नाचा. ऑफिसमधलं कोणी बघेल म्हणून मी कित्येक वर्षं गेले नव्हते.

लिहिणं. रोजनिशी वगैरे नाही, मला ते जमत नाही. माझ्या समुपदेशकाने कागदाचे तीन भाग करायला सांगितले होते: काय घडलं, तो काय म्हणाला, आणि त्यावरून मी स्वतःबद्दल काय ठरवलं. यादीचा तो प्रसंग मी असा लिहिला. पहिल्या दोन रकान्यांत दोन ओळी भरल्या. तिसऱ्यात बसल्या बसल्या पान भरलं: मी फुकट आलेय, मी कोणाची तरी जागा खाल्ली, माझ्यामुळे सगळ्या पोरींचं नाव खराब होईल, एकही विषय राहता कामा नये. आमचं भांडण तिसऱ्या रकान्याशी चाललं, आणि ते बरेच महिने चाललं. पहिल्या दोन रकान्यांतलं बदलता येत नाही, ते घडून गेलंय. तिसऱ्यातलं त्यांनी लिहिलेलं नव्हतं, मी लिहिलं होतं. ते खोडायला मात्र सोबत कोणीतरी लागतं, एकट्याने केलं की आपण पुन्हा तेच लिहितो.

समुपदेशक निवडताना डोळे उघडे ठेवा. मी ज्यांच्याकडे आधी गेले त्या बाई भल्या होत्या, पण जात म्हटलं की त्यांचा चेहरा आखडायचा. म्हणाल्या, 'तुम्ही जरा जास्त सेन्सिटिव्ह आहात, कॉलेजात सगळ्यांनाच चिडवतात.' आता त्यांच्यासमोरही पहारा! पैसे देऊन! ते बंद केलं. नंतर मी फोनवरच विचारायला लागले की जातीच्या अनुभवांवर तुम्ही कोणासोबत काम केलंय का. 'आम्ही जातपात मानत नाही' असं उत्तर आलं की मी आभार मानून फोन ठेवते. 'केलंय' किंवा 'फार नाही केलं, पण तुमचं ऐकून समजून घेईन' हे दोन्ही चालतं. समुपदेशक आपल्याच समाजाचा असावा असा माझा हट्ट नाही. माझे नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचार देताना जातीवरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय, पण समजूत काही कायद्याने येत नाही, ती आपल्याला चाचपूनच बघावी लागते.

झोप कित्येक आठवडे लागत नसेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. गोळी घेतली म्हणजे 'दोष आपल्या डोक्यात होता' असं सिद्ध होत नाही. दुसऱ्याने मारल्यावर हात मोडला तरी प्लास्टर आपल्याच हाताला घालावं लागतं. गोळ्या मनाने सुरू-बंद करू नका, एवढंच.

विपश्यनेबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल. आपल्याकडे काहीही झालं की 'इगतपुरीला जाऊन ये'. मी विरोधात नाही. पण सध्या रात्री डोळे मिटले की तेच चेहरे येत असतील, तर दहा दिवस मौनात त्यांच्यासोबतच बसून राहणं सगळ्यांना झेपत नाही. शिबिराच्या अर्जातही मानसिक त्रास आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला. घरी थोडा वेळ आनापान, म्हणजे नुसतं श्वासाकडे लक्ष देणं, करायला हरकत नाही.

आडनावाचं सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की ऑफिसात पहिलं नावच वापरता. आमच्याकडे कित्येकांनी गावावरून 'कर' लावून घेतलं, माझ्या चुलत्यांनीही. लपवणाऱ्याला भित्रा म्हणणारे असतात, मी म्हणणार नाही. भाड्याचं घर मिळेना की कळतं. पण मला लपवण्याचाच जास्त ताण व्हायचा, कारण मग कधी उघडं पडेल याची वाट बघायची. हल्ली बदली झाली की मी एजंटला पहिल्याच मेसेजमध्ये पूर्ण नाव पाठवते. ज्यांना अडचण असते त्यांची खोली 'आत्ताच गेली' होऊन जाते. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण दारात उभं राहून, चहा पिऊन, मग 'आमच्याकडे जरा व्हेजच लागतं हो' ऐकण्यापेक्षा ते परवडतं. तुम्हाला हे जमेल असं नाही, तुमचं तुम्ही ठरवा. फक्त कुठे सांगायचं आणि कुठे नाही हे एकदा ठरवून टाका, म्हणजे दर वेळी दारात विचार करावा लागत नाही.

मीटिंगमध्ये आधी बोला. उशीर केला की धडधड वाढत जाते. पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा आणि सुरुवातीलाच बोलून टाका, साधा प्रश्न असला तरी चालेल. मागे कोणी हसलं तर तो आपल्याला हसला का, याचा निकाल लावत बसू नका. कधी तसं असेल, कधी नसेल, आणि बऱ्याचदा कळणारच नाही. ज्याने तोंडावर काही म्हटलंय, तारीख-वार-साक्षीदारांसह, तेवढंच लिहून ठेवायचं.

तक्रारीबद्दल. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेचे नियम काढले, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमायला सांगितला. ते नियम कागदावरच राहतात म्हणून रोहित वेमुला आणि पायल तडवी, ज्यांच्या आत्महत्येनंतर जातीवरून छळाचे आरोप झाले, त्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि अबेदा तडवी, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लोकांदेखत जातीवरून मुद्दाम अपमान केला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. खासगी कंपनीत मात्र लैंगिक छळासाठी जशी समिती सक्तीची आहे तशी जातीसाठी नाही, तिथे एचआरवर सगळं अवलंबून. पुढे जायचं असेल तर आधी वकिलाशी बोला. तक्रार हा तुमचा हक्क आहे, पण ती केल्याशिवाय बरं होता येत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. काहींना तक्रारीने बळ येतं, काहींना तारखा खाऊन टाकतात. झोप ताळ्यावर नसताना हा निर्णय घाईने घेऊ नये, असं मला वाटतं.

जगणंच नको असं कधी मनात येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आजच एका माणसाला तोंडाने सांगा, रात्र एकट्याने काढू नका. टेलि-मानसचा नंबर १४४१६. ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तसं काही मनात नसलं तरी सुरुवात तिथूनच करायला हरकत नाही. फोन लावल्यावर कुठून सांगू, कॉलेजापासून की शाळेपासून, असं होतं. एवढंच म्हणा: 'कॉलेजात जातीवरून माझ्याशी जे झालं, त्यामुळे मला अजून झोप लागत नाही.' पुढचं विचारून घेणं हे त्यांचं काम आहे.